वाट कोणी शोधायची?

चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या लाखो सुट्या भागांचा हिशेब ठेवायचा कसा? या गरजेतून १९६०च्या दशकात आयबीएमची ‘आयएमएस’ ही डेटाबेस प्रणाली उभी राहिली. रॉकेटमध्ये इंजिन, इंजिनात पंप, पंपात बोल्ट, अशी तिची मांडणी वंशावळीसारखी. हेच हायरार्किकल मॉडेल. ‘या पंपात काय काय आहे?’ याचे उत्तर झटकन मिळे. ‘हा बोल्ट कुठे कुठे वापरला आहे?’ असे उलट विचारले, की पंचाईत.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी घडवलेल्या ‘आयडीएस’मधून नेटवर्क मॉडेल पुढे आले. त्यात एकच बोल्ट अनेक भागांशी जोडता येई. मात्र त्या जोडण्या धरून एका नोंदीवरून दुसरीवर जायचे, ते प्रोग्रॅमरनेच. १९७३चा ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर दिलेल्या व्याख्यानात बॅकमन यांनी प्रोग्रॅमरला नाविक म्हटले. पण जोडण्यांची रचना बदलली, की नाविकालाही प्रोग्रॅम पुन्हा लिहायला बसावे लागे.

आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी १९७० साली हे ओझे प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून उतरवले. त्यांच्या रिलेशनल मॉडेलमध्ये भागांचे एक टेबल, बोल्टचे दुसरे आणि कोणत्या भागात कोणता बोल्ट हे सांगणारे तिसरे. टेबले जुळतात ती समान क्रमांकांवरून. त्यामुळे प्रश्न सुलट असो की उलट, विचारण्याची रीत एकच. काय हवे ते सांगायचे. वाट यंत्राने शोधायची. हे फार संथ चालेल, अशी शंका होती. आयबीएमच्या ‘सिस्टम आर’ आणि बर्कलीच्या ‘इंग्रेस’ या प्रकल्पांनी ती दूर केली. एसक्यूएल ही भाषा ‘सिस्टम आर’मधलीच.

जुने आकार मात्र संपले नाहीत. २००९मध्ये आलेल्या मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये संपूर्ण ऑर्डर, तिच्यातल्या वस्तूंसह, एकाच नोंदीत बसते. म्हणजे पुन्हा वंशावळच. ऑर्डर एका फटक्यात वाचता येते. पण तीच वस्तू शंभर ऑर्डरींत असेल, तर तिचे नावही शंभरदा लिहिले जाऊ शकते. नियोफोरजेसारखे ग्राफ डेटाबेस नात्यांचे जाळे जपतात. मित्रांच्या मित्रांचे मित्र शोधायला ते सोयीचे. तरीही वाट शोधण्याचे काम इथे बहुतांशी यंत्रच करते. आकार बॅकमन यांच्या काळातला, शिस्त कॉड यांची.

मग निवड कशी करायची? माहिती नेहमी एकाच बाजूने वाचली जाणार असेल, तर डॉक्युमेंट. नाती हाच मुख्य प्रश्न असेल, तर ग्राफ. आणि उद्या कोण काय विचारील याचा अंदाजच नसेल, तर टेबले.