जुन्या गेममधलं काय टिकतं, काय मरतं

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ‘बंद आहे’ म्हणून स्वस्तात मिळणारा व्हिडिओ गेम बऱ्याचदा नुसता मळलेला असतो. खरोखर काय मेलंय हे ओळखता आलं, तर हा छंद थोड्या पैशांत छान जमतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडले जाणारे बहुतेक गेम निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्यात कामापुरती मेमरी अवघी २ किलोबाइट, आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा! हा गेम कार्ट्रिजमधल्या मास्क रॉममध्ये असतो. चिप घडवतानाच माहिती तिच्या सर्किटमध्ये कोरली जाते, त्यामुळे वीज नसली तरी ती पुसली जात नाही. चाळीस वर्षांनीही बहुतेक गेम शाबूत आहेत ते यामुळेच.

पडद्यावर वेड्यावाकड्या आकृत्या दिसल्या, तर आधी पिनांवर संशय घ्यावा. लहानपणी आपण सगळेच कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचो आणि गेम सुरूही व्हायचा. ती करामत कार्ट्रिज काढून पुन्हा बसवण्याची होती. त्यात पिना घासल्या जायच्या. फुंकरीतली ओल उलट गंजाला आमंत्रण देते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा पुरतो.

मरतो तो सेल. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद राखायला नाण्याएवढा लिथियम सेल असतो. तो संपला की नोंद जाते, गेम मात्र तसाच राहतो. ‘सेव्ह होत नाही’ म्हणून किंमत उतरली असेल तर बेलाशक घ्यावा आणि सोल्डरिंग येणाऱ्याकडून सेल बदलून घ्यावा. सेगाच्या १९९० च्या गेम गियरबाबत मात्र सावध राहा: त्यातले कपॅसिटर गळतात आणि तो द्रव सर्किट खातो. नकली कन्सोलमध्ये बहुधा सगळं एकाच काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली दडलेलं असतं. ते बिघडलं की दुरुस्ती जवळपास अशक्य. पिवळ्या पडलेल्या पेटीची काळजी नको. एबीएस प्लास्टिक उजेडाने आणि उष्णतेने पिवळं होतं, आतल्या चिपला त्याने काही होत नाही.

‘डक हंट’ची बंदूक घेताना टीव्हीचा विचार आधी करा. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. पिक्चर ट्यूबवर चित्र रेघेरेघेने, ठरल्या क्षणी उमटतं. एलसीडी टीव्ही त्यावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतो. तोवर गेमने नेम चुकल्याचा निकाल दिलेला असतो. म्हणून माळ्यावरचा चालू स्थितीतला जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विजेचा धोकादायक भार साठून राहू शकतो.