घार की बगळा?

गेल्या उन्हाळ्यात दापोलीजवळच्या आमच्या घरी काकूने खुडूक कोंबडीखाली ११ अंडी ठेवली. २१व्या दिवशी ९ पिल्लं निघाली. मी महिनाभर रजेवर होतो. सकाळी डालगं उचललं की चहा घेऊन खळ्याच्या पायरीवर बसायचं नि पिल्लं बघायची, हा नादच लागला.

पहिले चार-पाच दिवस ती कशालाही भीत. फणसाचं पान पडलं, दोरीवरचं लुगडं फडफडलं, डोक्यावरून बगळा गेला की नऊच्या नऊ आईच्या पोटाखाली. मला वाटलं, भित्रीच निपजली. काकू म्हणाली, "अरे, आत्ता ती सगळ्यालाच भितात. कोणाला भ्यायचं ते तिच्याकडे बघून शिकतील."

मग मी आईकडे बघायला लागलो. दाणे टिपता टिपता ती मध्येच थबके, मान कलती करी आणि एक डोळा आभाळाला लावी. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे वर बघायचं तर असंच बघावं लागतं. बगळा असला तर लगेच पुन्हा माती उकरायला सुरुवात. उंचावर घिरट्या घालणाऱ्या घारीकडेही ती नुसती बघे. तीच घार माडाच्या शेंड्याखाली उतरली की मात्र लांब, बारीक, ओढलेला एकच सूर निघे आणि कोंबडी जमिनीसरशी होई. पिल्लं जिथल्या तिथे दबत. मुंगूस दिसलं तर आवाज निराळा, तुटक आणि मोठा: कट्-कट्-कटाक! तेव्हा तिची मान ताठ, पिसं फुललेली.

पंधरवड्याने बगळ्याची सावली अंगावरून गेली तरी एक पिल्लू हललं नाही. त्याच दुपारी घार तिरकी खाली आली, तर आई ओरडायच्या आत दोन पिल्लं केळीच्या बुंध्याशी पोचली होती. हे बघताना अंगावर काटा आला.

१९३७ मध्ये लोरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी पुठ्ठ्याचा एक पक्षी पिल्लांवरून तारेने ओढला होता. एका दिशेने ओढला की तो आखूड मानेचा ससाणा दिसे, उलट ओढला की लांब मानेचा हंस. ससाण्याची भीती जन्मजातच असते, असं त्यावरून पुष्कळांनी धरलं. १९६१ मध्ये श्लाइट यांनी टर्कीच्या पिल्लांवर दाखवलं की रोज दिसणाऱ्या आकाराला ती सरावतात, क्वचित दिसणाऱ्याला दचकतात. आमच्या खळ्यावरून बगळे दिवसभर जातात, खाली उतरणारी घार कधीतरीच.

पण नुसत्या सरावाने भागत नाही, दाखवणारं कोणीतरी लागतं. जर्मनीत बोखुमला कुरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याचा फार सुंदर प्रयोग केला. दोन कस्तुर पक्षी समोरासमोर ठेवले. एकाला घुबड दिसत होतं म्हणून तो आरडाओरडा करत होता, दुसऱ्याला त्याच जागी एक निरुपद्रवी मधुभक्षी पक्षी दिसत होता. दुसरा त्या बिचाऱ्यालाच शत्रू समजायला शिकला. त्याच्याकडून तिसरा शिकला, आणि धडा असा सहा पक्ष्यांपर्यंत पोचला. प्लास्टिकच्या बाटलीचीसुद्धा भीती अशीच शिकवता आली.

त्याच महिन्यात शेजारच्यांनी मशीनमध्ये उबवलेली १२ पिल्लं आणून अंगणात सोडली. अंगाने आमच्या पिल्लांपेक्षा थोराड, पण कावळा शेजारी उतरला तरी त्याच्याकडे कुतूहलाने बघत उभी राहायची. चार दिवसांत ५ गेली. त्यांच्याकडे मान कलती करून वर बघणारं कोणी नव्हतं.

तुम्हीही पिल्लं आणणार असाल तर एक-दोन दिवसांचीच आणा, आणि रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हळूच सरकवा. बहुतेक कोंबड्या सकाळी त्यांना आपलीच म्हणून बाहेर घेऊन येतात.