ई-रीडरची भेट : आधी वाचक, मग यंत्र

दिवाळी जवळ आली की आपल्या व्यापारी घरांत दोन याद्या निघतात. एक दुकानातील मालाची आणि दुसरी द्यावयाच्या भेटवस्तूंची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन होते आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमी येते. वर्षभराचा हिशेब आणि वर्षभराचे वाचन, या दोहोंचा आदर एकाच आठवड्यात करणारा आपला समाज आहे. त्यामुळे अलीकडे भेटींच्या यादीत मिठाई, सुकामेवा आणि चांदीच्या नाण्यांच्या जोडीला ‘ई-रीडर’ हा शब्द दिसू लागला, याचे मला समाधान वाटते. नातवंडे आजोबांना, मुली आईला, भाऊ बहिणीला हे वाचनयंत्र देतात. भेट उत्तमच आहे. मात्र ती चुकीची निवडली गेली तर काय होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून हा लेख.

पाटावर मांडलेले खोके

पुण्याहून सोलापूरकडे जाताना महामार्गावर आमचे यवत लागते. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला येथे पिठले-भाकरीचा बेत असतो, आणि त्या दिवसांत पेठेतील किराणा दुकानांतून बेसनाची पोती भराभर उचलली जातात. याच पेठेत आमचे वडिलोपार्जित किराणा व भुसार मालाचे दुकान आहे. मी बँकेच्या नोकरीत गावोगाव फिरलो. दुकान सांभाळले ते थोरल्या बंधूंनी. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. सूर्यास्तापूर्वी जेवण, चौविहाराचे पच्चक्खाण आणि त्यानंतर तासभर स्वाध्याय, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

तीन वर्षांपूर्वी हा नेम मोडू लागल्याचे वहिनींनी मला हळूच सांगितले. जुन्या ग्रंथांचे बारीक अक्षर त्यांना दिसेनासे झाले होते. भाऊ पुस्तक उघडून बसत, दहा मिनिटांत मिटवत. कोणाला काही बोलत नसत. मी त्या दिवाळीला सहा इंचांचा एक चांगल्यापैकी ई-रीडर घेतला. किंमत पाहिली, साठवणक्षमता पाहिली, बॅटरी किती दिवस टिकते ते पाहिले. कर्जप्रस्ताव तपासावा तसा प्रत्येक रकाना तपासला. भाऊंच्या हातात खोके देऊन मी पुण्याला परतलो.

पुढच्या वर्षी ज्ञानपंचमीला यवतला गेलो. घरातील ग्रंथ पुसून पाटावर मांडले होते. त्यांच्या शेजारी ते खोकेही मांडले होते, जवळजवळ न वापरलेले. भाऊ म्हणाले, “तू प्रेमाने दिलंस, म्हणून पाटावर ठेवलं. पण खरं सांगू का, त्यात मला काही वाचता येत नाही.” माझी भेट आदराला पात्र ठरली होती, वाचनाला नाही. आणि मधल्या वर्षात भाऊंचा स्वाध्याय पूर्णपणे थांबला होता.

हे यंत्र नेमके काय आहे

ई-रीडर म्हणजे लहान टॅब्लेट नव्हे. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो आणि तो प्रकाश थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरच्या पडद्यात अतिशय सूक्ष्म कोषांमध्ये काळे व पांढरे कण असतात. विजेच्या सूक्ष्म दाबाने ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही. म्हणूनच एका चार्जिंगवर यंत्र कित्येक दिवस चालते. कागदाप्रमाणेच हे पान बाहेरच्या प्रकाशात वाचायचे असते, त्यामुळे भर उन्हात ओसरीवर बसूनही ते स्वच्छ दिसते. अंधारासाठी कडेला बारीक दिवे असतात. ते पानावर प्रकाश टाकतात, डोळ्यांत नाही. या ‘इलेक्ट्रॉनिक शाई’ची कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधनातून उभी राहिली. ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये आले आणि २०१६च्या अखेरीस त्यावर मराठी, हिंदी, गुजराती पुस्तकांची स्वतंत्र दालने सुरू झाली.

म्हणजे यंत्र उत्तम होते आणि भाषाही उपलब्ध होती. मग माझे चुकले कोठे? मी यंत्राचा विचार केला, भाऊ काय वाचतात याचा केला नाही.

त्रैराशिक, जे मी मांडले नाही

ई-पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मजकूर मोकळा असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात आणि पाने वाढतात. ‘ईपब’ हे त्याचे प्रचलित रूप. दुसरा प्रकार म्हणजे छापील पानांची छायाचित्रे असलेली पीडीएफ. यात अक्षर एकटे मोठे होत नाही. सगळे पानच मोठे होते आणि पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते.

आपले बहुतेक धार्मिक वाङ्मय आज दुसऱ्या प्रकारात आहे. ‘जैन ई-लायब्ररी’सारख्या संकेतस्थळांनी हजारो ग्रंथ विनामूल्य उपलब्ध करून दिले, हे मोठेच कार्य आहे. पण त्यांतील पुष्कळसे ग्रंथ छापील पानांच्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. भाऊंच्या नातवाने असेच पंधरा ग्रंथ त्या यंत्रात भरून दिले होते.

आता हिशेब पाहा. नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साधारण साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असते. सहा इंची ई-रीडरचा पडदा कर्णरेषेत सहा इंच, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३.६ इंच रुंद व ४.८ इंच उंच. पूर्ण पान त्यात बसवायचे तर ते छप्पन्न टक्क्यांवर येते. बारा पॉइंटचे अक्षर सात पॉइंटांहूनही लहान होते. ज्यांना छापील अक्षर दिसत नव्हते, त्यांच्या हातात मी त्याहून बारीक अक्षर दिले होते. याउलट १०.३ इंची पडदा सुमारे ६.२ इंच रुंद व ८.२ इंच उंच असतो. त्यावर तेच पान जवळजवळ मूळ आकारात येते, आणि कडेचे कोरे समास कापले तर मूळ छपाईपेक्षा थोडे मोठेच दिसते.

अर्थात मोठा पडदा सर्वांना हवा असे नाही. तो लहान यंत्राच्या दुपटी-तिपटीने महाग पडतो. लहान यंत्राचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, तर मोठ्याचे चारशेच्या आसपास. जी व्यक्ती कथा-कादंबऱ्या, चरित्रे वाचते आणि विकतची ई-पुस्तके घेते, तिला सहा-सात इंची यंत्र पुरेसे आहे. प्रवासात तर तेच बरे.

आपल्या लिपीची परीक्षा

दुसरी गोष्ट देवनागरीची. यंत्रावर अक्षरे दिसली म्हणजे भागले नाही. जोडाक्षरे नीट जुळतात का, हे खरेदीपूर्वी पाहावे. ‘सम्यक्त्व’, ‘प्रत्याख्यान’, ‘कायोत्सर्ग’, ‘वाऱ्यावर’ हे चार शब्द असलेले एखादे पान उघडून पाहिले की परीक्षा होते. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी लेखन यंत्रात घातल्यास अनेकदा निरर्थक चिन्हे उमटतात. दोष यंत्राचा नसतो, पण वाचकाचा हिरमोड होतोच. शिवाय यंत्रावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. त्यांची सवय नसलेल्या व्यक्तीसाठी पाच-सहा आवश्यक खुणा मराठीत लिहून त्याचा कागद कव्हरच्या आत चिकटवावा.

पुस्तके कोठून मिळणार, तेही आधी ठरवावे. मराठी विकिस्रोत आणि ई साहित्य प्रतिष्ठान यांच्याकडे विनामूल्य साहित्य आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. म्हणूनच हरि नारायण आपटे किंवा साने गुरुजी यांचे साहित्य आज मुक्तपणे देता-घेता येते. विकत घेतलेली पुस्तके मात्र बहुधा त्या त्या दुकानाच्याच यंत्रावर वा ॲपमध्ये उघडतात. अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर अनेक ॲप चालवतात, पण ते हाताळायला थोडे अवघड. तंत्राची आवड असलेल्या तरुणाला ते द्यावे, आजींना साधेच द्यावे.

नामनिर्देशन नसलेले खाते

बँकेत असताना मी शेकडो खातेदारांना एकच प्रश्न विचारला : “नामनिर्देशन केले आहे का?” ई-पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला कोणी नसते. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले, आणि आपल्यानंतर मुलांचे. विकतचे ई-पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा केवळ वाचनाचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या हक्क नसलेल्या आवृत्त्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तकेही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले.

म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या राहावेत असे वाटणारे ग्रंथ छापील स्वरूपातच घ्यावेत. ई-रीडर हा ग्रंथसंग्रहाचा सोबती आहे, त्याचा वारस नव्हे. तसेच ऑनलाइन मागवताना ‘ही भेट आहे’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. नाहीतर यंत्र देणाऱ्याच्या खात्याला जोडलेले येते आणि आजोबांनी चुकून दाबलेल्या बटणाचे बिल नातवाला जाते. ज्येष्ठांच्या यंत्रावरील खरेदीचे दालन कुलूपबंद करण्याची सोय किंडलमध्ये आहे, ती वापरावी.

आपल्या आचाराच्या दृष्टीने

काही बाबी विक्रेता सांगणार नाही, त्या आपणच पाहायच्या. ई-रीडरची काही कव्हरे खऱ्या चामड्याची असतात. भेट देताना कापडी वा कृत्रिम कव्हर आहे ना, याची खात्री करावी. दुसरे, सामायिक-प्रतिक्रमणात विजेची साधने वर्ज्य मानण्याची आपल्या अनेक घरांतील रीत आहे. तेथे छापील पुस्तकच राहील. पूज्य साधू-साध्वींना असे यंत्र अर्पण करण्याचा विचार असेल, तर आधी त्यांच्या संप्रदायाची मर्यादा विचारून घ्यावी.

मात्र नव्या साधनाचे भय बाळगण्याचे कारण नाही. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली तेव्हा वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले, असे श्वेतांबर परंपरा सांगते. षट्खंडागम लिपिबद्ध झाल्याच्या स्मरणार्थ दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतात. ताडपत्र गेले, कागद आला. कागदावर छपाई आली, तेव्हा शास्त्र छापावे की नाही यावर आपल्याच समाजात वाद झाले. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८०च्या दशकात ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले, ते याच काळात. साधने बदलली, वाचणारा टिकला म्हणून ज्ञान टिकले.

देण्यापूर्वी पाच प्रश्न

एक, डोळ्यांची तपासणी अलीकडे झाली आहे का? दोन, ही व्यक्ती गेल्या वर्षात प्रत्यक्ष काय वाचत होती आणि कोणत्या भाषेत? तीन, ती पुस्तके मोकळ्या मजकुराची आहेत की छायाचित्रांची? यावरून पडद्याचा आकार ठरतो. चार, यंत्राला भारतातील हमी व पक्के बिल आहे का? पाच, शिकवायला घरात कोण आहे? यंत्रात तीन-चार आवडीची पुस्तके भरून, अक्षराचा आकार लावून, पहिले पान उघडूनच ते हाती द्यावे. आणि आठवड्याने पुन्हा जावे.

पहिला प्रश्न मुद्दामच वर ठेवला आहे. त्या ज्ञानपंचमीनंतर मी भाऊंना पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाल्या, चष्मा बदलला. त्यानंतरच मोठ्या पडद्याचे यंत्र घेतले. चार रविवार यवतला जाऊन शेजारी बसलो. पहिल्या रविवारी भाऊ वैतागले, दुसऱ्या रविवारी नातीने शिकवले, तिसऱ्या रविवारी त्यांनी मलाच एक खूण दाखवली. पहिले लहान यंत्र आता त्या नातीकडे आहे. पुण्याच्या महाविद्यालयात जाताना ती त्यावर गाडीत कादंबऱ्या वाचते.

गेल्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. म्हणाले, “अरे, पुस्तकात पान दुमडून खूण करायचो. यात ते कसं करायचं? काल कुठवर आलो होतो ते सापडत नाही.” मी फोनवरच सांगितले, “वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवा.” क्षणभर शांतता. मग म्हणाले, “हं, दुमडलं.” आणि त्यांनी फोन ठेवला. वाचायचे राहिले होते.