टर्मिनलमध्ये ‘धाराशिव’ तुटका दिसतोय? फाइल दुरुस्त करण्याआधी हे वाचा

लोहारा तालुक्यातील गावांची यादी पायथॉनने टर्मिनलवर छापली, की ब्राउझरमध्ये नीट दिसणारा ‘धाराशिव’ तिथे विस्कटू शकतो. ‘शि’ची वेलांटी ‘श’च्या मागे जाते, काना सुटा पडतो. डेटा खराब झाला असे वाटून सगळे पुन्हा टाइप करण्याचा मोह होतो. तो आवरा. बहुतेक वेळा फाइल शाबूत असते, गडबड फक्त दाखवण्यात असते.

कारण जुने आहे. 1978 मध्ये आलेल्या व्हीटी-100 टर्मिनलवर 80 रकाने आणि 24 ओळी होत्या. एका चौकटीत एक अक्षर. आजची टर्मिनल ॲप्सही याच चौकटींवर चालतात. रोमन लिपीचे त्यात भागते, आपले नाही. ‘लोहारा’ ही आपल्या लेखी तीन अक्षरे. युनिकोडमध्ये मात्र ल, ओकाराची मात्रा, ह, काना, र, काना अशी सहा चिन्हे. काही प्रोग्राम कान्याला वेगळी चौकट देतात, काही देत नाहीत. दोन प्रोग्रामचा हिशेब जुळला नाही, की कर्सर भलतीकडे थांबतो आणि बॅकस्पेस दाबल्यावर दिसते एक, पुसले जाते दुसरेच.

खात्री कशी करायची? फाइलमधून वाचलेल्या ‘लोहारा’ शब्दाची लांबी पायथॉनला विचारा. 6 आली तर शब्द ठीक आहे. 18 आली तर यूटीएफ-8 मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचला गेलाय, कारण यूटीएफ-8मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते.

रिकामे चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित टाका. प्रश्नचिन्हे दिसली तर लिनक्सवर लोकेल यूटीएफ-8 आहे का ते पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सीएचसीपी 65001’ ही कमांड द्या (अर्थात रोमन अक्षरांत). इथे मात्र सांभाळून. प्रश्नचिन्हांसकट फाइल सेव्ह झाली तर मूळ अक्षरे गेली.

चुकून फोटो किंवा झिप फाइल टर्मिनलवर ओतली आणि सगळीच अक्षरे चिन्हमय झाली, तर घाबरू नका. टाइप केलेले दिसत नसले तरी ‘रीसेट’ची कमांड लिहून एंटर दाबा. लिनक्सवर आणि फोनवरच्या टर्मक्समध्येही हा उपाय चालतो.

एवढे करूनही जोडाक्षरे तुटतच असतील तर टर्मिनलशी झगडत बसू नका. आउटपुट फाइलमध्ये घ्या, ब्राउझरमध्ये उघडा आणि यादी तिथेच तपासा.