बाबांचे पाय दारातच का अडले?

मित्रांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आजोबांना (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) घेऊन मी धुळ्याहून जळगावला निघालो होतो. घराच्या दारात आले आणि बाबा थबकले. पाय जणू फरशीला चिकटले! "बाबा, चला ना, गाडी सुटेल," मी खेकसलो. कसेबसे स्टँडवर पोहोचलो, तर एस.टी.च्या उंच पायऱ्या मात्र ते आपसूक चढून गेले. मला वाटलं, बाबा सोंग करतात. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, हा पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. मग मी वाचायला बसलो.

आपल्या मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, चेतापेशींचे काही पुंज असतात. त्यांना बेसल गँगलिया म्हणतात. कॉडेट आणि प्युटामेन मिळून होतो स्ट्रायटम. हे इनपुटचं टोक. ग्लोबस पॅलिडसचे दोन भाग, बाहेरचा आणि आतला; आतला भाग म्हणजे आऊटपुट. शिवाय इवलासा सबथॅलॅमिक न्यूक्लियस, आणि खाली मध्यमेंदूत काळसर रंगाचा सबस्टँशिया नायग्रा.

आता गंमत बघा. आतला पॅलिडस थॅलॅमसला सतत दाबून ठेवतो, जणू हँडब्रेक ओढलेली गाडी. हालचाल करायची झाली की मेंदूच्या बाह्यपटलाकडून स्ट्रायटमला संदेश येतो, आणि स्ट्रायटम त्या पॅलिडसलाच गप्प करतो. दाबणाराच दबला की थॅलॅमस मोकळा! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत, एकामागे एक दोन नॉट गेट. हा झाला सरळ मार्ग. दुसरा आडमार्ग. त्यात स्ट्रायटम बाहेरच्या पॅलिडसला दाबतो, त्यामुळे सबथॅलॅमिक न्यूक्लियस सुटतो आणि आतल्या पॅलिडसला चेतवतो. ब्रेक आणखी घट्ट! नको त्या हालचाली अशा थांबतात.

या दोन्ही मार्गांचा तोल सांभाळतं डोपामाईन. ते सबस्टँशिया नायग्राच्या पेशींतून स्ट्रायटमला मिळतं. सरळ मार्गाला जोर देतं, आडमार्गाला आवरतं. पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरतात. लक्षणं दिसेपर्यंत साधारण निम्म्या किंवा जास्तच गेलेल्या असतात. मग ब्रेक सुटतच नाही.

स्ट्रायटममधली डोपामाईनची ही कमतरता व्हिएन्नात 1960 साली दाखवली गेली. नुसतं डोपामाईन देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामाईन होतं. आपल्याकडच्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नका. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

मग पायऱ्यांचं काय? सपाट जमिनीवर आपण न बघता, सवयीने चालतो. ती सवय बेसल गँगलियाच्या भरवशावर असते. पायरी मात्र डोळ्यांना दिसते; तिथे मेंदूचे दुसरे भाग पावलाचा हिशोब करतात. म्हणजे बाबा सोंग करत नव्हते.

मूळची पुण्याची डिझायनर मिलेहा सोनेजी हिने हेच आपल्या काकांच्या बाबतीत हेरलं. काकांना सपाट फरशीवर चालणं जड जाई, पण जिना ते सहज उतरत. नेदरलँड्सला डेल्फ्टमध्ये शिकलेल्या या मुलीने काय केलं? जिन्याचा भास होईल असं चित्र फरशीवर चिकटवलं, आणि काका चालू लागले! 2015 च्या एका व्याख्यानात तिने हे जगाला सांगितलं. ना मोटर, ना सेन्सर.

मीही घरी दारापासून ओट्यापर्यंत इन्सुलेशन टेपचे आडवे पट्टे मारले, एकेका पावलाच्या अंतराने. बाबा दरवेळी अडत नाहीत असं नाही, पण खूप कमी अडतात. आजार बरा झालेला नाही. मात्र त्यांच्यावर खेकसणं मी बंद केलंय.

तेव्हा मित्रांनो, घरी गेल्यावर कोणी म्हातारं माणूस दारात थबकलं, तर हात धरून ओढू नका. दोन क्षण थांबा, आणि पुढची रेघ दाखवा.