व्हिडिओ आणि विजेची काटकसर

मोबाइलवर धडा पाहतां पाहतां बॅटरी सरूं लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. याचें एक कारण आम्ही येथें थोडक्यांत सांगतों. व्हिडिओ आंखडून धाडलेला असतो. तो उलगडण्यासाठीं यंत्रास अखंड गणित करावें लागतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या पद्धतींत प्रत्येक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात. त्यांच्या सांध्यांवर रेघा दिसूं नयेत म्हणून कडा शेवटीं गुळगुळीत कराव्या लागतात. उलगडण्याच्या एकंदर गणितापैकीं एक तृतीयांश गणित या एका कामांत सहज खर्च होऊं शकतें. तें वगळिलें तर वीज वांचते, पण चित्र खडबडीत होतें. शिवाय पुढील चित्रें मागील चित्रांच्या आधारें रचिलेलीं असल्यामुळें, एखादें स्वतंत्र चित्र येईपर्यंत तो दोष वाढत जातो, आणि फळ्यावरील बारीक अक्षर लागत नाहीं. मात्र कांहीं चित्रें अशीं असतात कीं, त्यांवर दुसरें कोणतेंहि चित्र अवलंबून नसतें. तेवढ्यांतच हें काम टाळिलें, तर वीज थोडी कमी वांचते खरी, पण दोष तेथल्या तेथें विरतो. काटकसर कोठें करावी हें ओळखणें, हेंच तिचें मर्म होय.