पडदा गेला, विंडो कुठं गेली?

परभणीत कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना लाइट जाणं कुणाला नवं नाही. प्रोजेक्टर विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो. जनरेटर सुरू झाल्यावर पडदा उजळतो. पण सोयाबीनवरच्या किडींची स्लाइड असायला हवी तिथं वक्त्याची खासगी टिपणं दिसतात, नाहीतर रिकामा डेस्कटॉप. १९७२ साली कृषी विद्यापीठ आलेल्या या गावात शेतकरी मेळावे, कार्यशाळा सतत होतात. अशा वेळी वक्ताच ओशाळतो. खरं तर चूक बहुतेकदा प्रोग्रामची असते.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. एकोणिसावी पिन ‘समोर पडदा आहे’ एवढंच कळवते. ती खूण मिळाली की लॅपटॉप पडद्याची रुंदी, उंची वगैरे नोंद वाचून घेतो; मूळ नोंद अवघी १२८ बाइटची. वीज गेल्यावर काही प्रोजेक्टरांची खूण नाहीशी होते. मग केबल काढल्याचंच समजून ऑपरेटिंग सिस्टिम तिथल्या विंडो उरलेल्या पडद्यावर आणते आणि चालू प्रोग्रामांना मांडणी बदलल्याचा निरोप धाडते. हा निरोप ज्यानं ऐकलाच नाही, तो प्रोग्राम गोंधळतो.

विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा शून्य धरतात. १९२० पिक्सेल रुंद लॅपटॉपच्या उजवीकडे प्रोजेक्टर मांडला, की त्याची हद्द १९२० पासून सुरू होते. डावीकडे मांडला तर आकडे उणे होतात. प्रोग्रामनं ‘२१००’ ही जागा लक्षात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तो प्रोजेक्टरविना उघडला, तर विंडो जिथं पडदाच नाही तिथं उघडू शकते. टास्कबारवर नाव दिसतं, काम दिसत नाही.

मराठीला आणखी एक फटका बसतो. प्रोजेक्टरवर अक्षरांचं प्रमाण १०० टक्के आणि लॅपटॉपवर १५० टक्के असेल, तर विंडो लॅपटॉपवर येताच अक्षरं वाढतात. ओळीची उंची जुन्याच मापाची राहिली, तर रफार आणि वेलांट्यांचे माथे छाटले जातात. फक्त इंग्रजीत तपासणाऱ्याच्या हे सहज नजरेआड होतं.

एकाहून जास्त पडदे सांभाळणं मोठ्या कंपन्यांनाही लगेच साधलं नाही. २०११च्या मॅक ओएस लायनमध्ये एका पडद्यावर फुलस्क्रीन केलं की दुसरा पडदा निरुपयोगी व्हायचा; २०१३च्या मॅव्हरिक्समध्ये ते सुधारलं. कोणत्या मॉनिटरवर कोणती विंडो होती, हे लक्षात ठेवण्याची सोय विंडोज ११नं २०२१मध्ये दिली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यानं करायचं ते अवघड नाही. नुसता आकडा न ठेवता पडद्याची ओळखही ठेवावी. फुलस्क्रीनआधीचं माप जपावं. मांडणी बदलल्याचे निरोप लागोपाठ येतात, म्हणून क्षणभर थांबून शेवटची स्थिती पाहावी आणि मगच विंडो हलवावी. पडदा परतला की तीच स्लाइड त्याच जागी यावी. आणि प्रोग्राम लोकांच्या हाती देण्याआधी चालू कामात केबल उपटून पाहावी. वापरणाऱ्यानं अडल्यावर विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकदम दाबावं. कोणत्या पडद्यावर काय दाखवायचं ते तिथं निवडता येतं.

ही काळजी फक्त लाइट जाणाऱ्या गावांसाठी नाही. पुण्याच्या ऑफिसात मॉनिटरची केबल काढून लॅपटॉप मीटिंगला नेणाऱ्याच्या प्रोग्रामवरही हाच प्रसंग येतो. म्हणून परभणीच्या सभागृहात जो प्रोग्राम टिकतो, त्यावर कुठंही भरवसा ठेवता येईल. इथल्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांनी ही परीक्षा आपल्या प्रोजेक्टपासूनच सुरू करावी.